माशांचं औषध

"हलू नको माघ्या! अजिबात हलू नको!"

"मी कुठं हलतोय? ही चड्डीच हलतेय!"

घागरडोहाच्या काठावर एकच गोंधळ उडाला होता. देवानंदने भिवंडीहून झकपक निळा गळ आणला होता. लांबच लांब काठी, तिला गरगर फिरणारं चाक! दोन दिवस सगळा भोकरपाडा त्या चाकाच्या गळाचं कौतुक करत होता. आणि आज त्याची पहिलीच फेक पाण्यात पडायच्या ऐवजी मागे गेली आणि तिथे उभ्या असलेल्या माघ्याच्या चड्डीत रुतून बसली!

"पहिला मासा लागला रे लागला!" हर्षदा पोट धरून हसत होती. "केवढा मोठा! आता याची खवलं कोण काढणार?"

"ए, गप गं!" देवानंद कानापर्यंत लाल झाला. "व्हिडिओत तर एकदम इझी दाखवतात यार!"

रोशनीने हसू दाबत आपल्या धाकट्या भावाला गळातून सोडवलं. ती जव्हारच्या आश्रमशाळेत सातवीत होती. हर्षदा तिची शेजारीण आणि वर्गमैत्रीण. दोघी दिवाळीच्या सुट्टीत पाड्यावर आल्या होत्या, आणि रोशनीचा मामेभाऊ देवानंदही आत्याकडे सुट्टीला आला होता. मोखाड्याच्या डोंगरात तेव्हा भातकापणी चाललेली असते. मोठी माणसं शेतात गुंतलेली, म्हणजे नदी पोरांचीच!

नदी पोरांची असली तरी डोहाकाठचा काळा दगड मात्र ढवळू आजाचा होता. तिथे साऱ्या पाड्याचा हा आजा रोज सकाळी बांबूची काठी घेऊन बसायचा. आता तो बोळकं पसरून हसत होता.

"ये पोरा, आठं बस," त्याने देवानंदला बोलावलं. "चाक बिक नंतर. आधी गुपचूप बसाय शीक. पाय आपटला का मासा गेला! तो कानानं नाय, आख्ख्या अंगानं ऐकतो."

"आणि सावली पाण्यात पाडायची नाही," माघ्याने चड्डी चोळत शहाणपण शिकवलं.

"बराबर! ऊन तोंडावर घ्यायचा. आता ह्या दोऱ्याला बांधलेल्या भेंडाच्या तुकड्यावं नजर ठेव. एकदा बुडला म्हंजे मासा गांडूळ चाखतोय. बिज्यांदा बुडला म्हंजे खातोय. तवा उचल! झटका नको मारू, भाताचा रोप उपटतंस तसा उचल."

भेंड बुडलं. देवानंदने श्वास रोखला. भेंड वर आलं, पुन्हा बुडलं, आणि त्याने काठी उचलली. खवली जातीची चंदेरी मासोळी चमचमत वर आली! मग काय विचारता! "लागला! आपुन को लागला!" देवानंद असा नाचला की पुढचा अर्धा तास एकही मासा गळाकडे फिरकला नाही.

तरी दुपारपर्यंत चार खवल्या आणि एक मिशाळ शिंगटी जमली. बोटापेक्षा लहान जो निघाला तो आजाने परत पाण्यात सोडायला लावला. मग राख चोळून माशांचा बुळबुळीतपणा काढला, खवलं तासली, पोटं साफ केली. हर्षदाने दगडावर लसूण, मिरची आणि आंबोशी ठेचली, हळदमीठ लावलं. चवईच्या, म्हणजे रानकेळीच्या, पानात गुंडाळलेले मासे निखाऱ्यात गेले, पानं काळी पडू लागली आणि असा काही वास सुटला की माघ्या चुलीभोवती प्रदक्षिणा घालू लागला.

"थांब!" आजाने त्याचा हात धरला. "ज्यानं धरला त्यानं पहिला घास. ही आपली रीत."

"का पण?" देवानंदने विचारलं.

"पहिल्यांदी लोका झाडपाल्याचा इख टाकून मासं मारीत. मंग खानाऱ्याला कसा समजायचा? म्हनून धरनाऱ्यानं आधी खायचा. म्हंजे बिजे बिनघोर जेवतील."

देवानंदने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. नागलीच्या भाकरीबरोबर पाचही मासे कधी संपले ते कळलंसुद्धा नाही. रोशनी आजाच्या खांद्याला टेकून बसली होती. तिच्या लहानपणी आई शेतावर जाताना तिला आजाजवळ सोडून जाई, आणि आजा तिला मांडीवर घेऊन गळ टाकत बसे. वसतिगृहात घरची फार आठवण आली की तिच्या डोळ्यांसमोर घर यायचंच नाही. हा दगड आणि त्याच्यावरचा आजा यायचा.

सुट्टी अशी मजेत चालली होती, आणि एका रविवारी सकाळी माघ्या धावतच घरी आला.

"ताई! डोहात मासेच मासे! सगळे पोट वर करून तरंगतायत!"

पोरं धावली. घागरडोह पांढरा दिसत होता. खवल्या, शिंगट्या, इवलीशी पिल्लं, सगळी मेलेली! काठावर अर्धा पाडा जमला होता. मधोमध तुळशीदास काका उभे होते. पाड्यात भांडण असो की लग्न, शब्द काकांचा चालायचा. मन सरळ, पण डोकं भलतंच गरम!

तेवढ्यात काठी घेऊन ढवळू आजा आला. पाण्याकडे बघून तो जागच्या जागी थिजला.

"ढवळू," काका कडाडले, "बाजाराच्या दिवशी मोखाड्याच्या दुकानात मी तुझ्या मागंच उभा होतो. तू माशांचं औषध घेतलंस. खरं का खोटं?"

आजा हळूच म्हणाला, "खरं."

"वापरलंस?"

"वापरलं." आजाची नजर पाण्यावरून हलेना. "आख्खं संपलं."

लोकांत कुजबुज झाली. काकांचा चेहरा रागाने फुलला. "ऐकलंत? ज्यानं जन्मभर या डोहाचं खाल्लं, त्यानंच त्यात विष कालवलं! आजपासून ढवळूचा गळ या नदीत पडायचा नाही. त्यानं काठावर पाऊलसुद्धा ठेवायचं नाही!"

आजा भांडला नाही. त्याने बांबूची काठी काळ्या दगडावर ठेवली आणि मान खाली घालून तो निघून गेला.

"आजा असं करणारच नाही!" रोशनी रडकुंडीला आली.

"पण तोच हो म्हणाला ना!" हर्षदा म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता.

रोशनीने डोळे पुसले आणि एक मेलेली खवली उचलली. कल्ले लालबुंद हवे होते, ते पांढरेफटक पडले होते. तिने वास घेतला आणि नाक मुरडलं. "हा वास मला माहीत आहे. शाळेत टाकी धुतात ना, तेव्हा हाच वास येतो. त्या पांढऱ्या पावडरीचा!"

"मग आजाने पावडर आणली?" देवानंदने विचारलं.

"चला, त्यालाच विचारू."

आजा घराच्या ओट्यावर बसून होता. मोहाच्या झाडाखाली त्याचा पवळ्या बैल रवंथ करत होता. पवळ्याच्या मानेला जुवाने जखम झाली होती, तिच्याभोवती पिवळ्या औषधाचा पुसट थर उरला होता.

"आजा, हे काय लावलंस?" रोशनीने विचारलं.

"माखीचं औषध. जखमेवं माख्या बसत, बिचारा रात नी दिस शेपूट हालवी. म्हनून बाजारातून आनलं."

रोशनीचे डोळे विस्फारले. "आजा! दुकानात तू काय मागितलंस?"

"तठं माखी कोन बोलतं? दुकानदार हसतो. मी आपला नीट मराठीत बोललो, माश्यांचं औषध द्या."

रोशनीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! माशीचं औषध ते माश्यांचं, आणि माशाचं औषध ते माशांचं! कागदावर फक्त एका 'य'चा फरक, आणि तोंडाने बोललं की तोही गायब! तुळशीदास काकांना वाटलं तू मासे मारायचं औषध घेतलंस!"

हर्षदा आणि देवानंद टाळ्या पिटत हसायला लागले. पण आजा हसला नाही. त्याने पवळ्याकडे बघितलं, आणि त्याच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी ओघळलं.

"हसू नका पोरं हो. मीच मारले ते. औषध लावून झालं नी शनिवारी पवळ्याला नदीत धुतला. औषध धुवून पाण्यात गेलं. माखी काय नी मासा काय, इख ते इख. तुळशीदास बोलला ते बराबर. मी नाय जानार आता नदीवं."

पोरांच्या टाळ्या थांबल्या. लोकांनी आजाला गुन्हेगार ठरवलं ते एक वेळ पुसता आलं असतं. पण त्याने स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं होतं! रोशनी त्याच्या शेजारी बसली आणि विचार करू लागली.

"आजा, पवळ्याला कुठं धुतलास?"

"खालच्या उतारावं. रोज धुतो तठंच."

"उतार डोहाच्या खाली आहे!" देवानंद ताडकन उठला. "पाणी काय जिना चढून वर गेलं?"

"आणि वासही औषधाचा नाही, पावडरीचा आहे," रोशनी म्हणाली. "म्हणजे जे काही आलं ते वरून आलं! आजा, तू नाही मारलेस!"

आजाने मान हलवली. पोरीचं मन राखायला तो "बरं बाय" एवढंच म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता, हे रोशनीला दिसत होतं.

तुळशीदास काकांकडे जाऊन तरी काय झालं? "माशी काय नि मासा काय!" काका भाताचा भारा बांधता बांधता म्हणाले. "तो स्वतः कबूल झालाय. पोरांनी मोठ्यांच्या कारभारात नाक खुपसू नये!"

"नाकच तर खुपसायचंय," बाहेर पडल्यावर हर्षदा पुटपुटली. "वास कुठून येतो ते बघायला!"

सोमवारी सकाळी चौघं नदीच्या काठाकाठाने वर निघाली. दगडांवरून, करवंदीच्या जाळ्यांतून, जिथे मेलेला मासा दिसेल तिथे थांबत. वळणापलीकडे विनोददादाचे रंगीत तंबू लागले. विनोद पाड्यातलाच. ठाण्यात नोकरी करून कंटाळला आणि नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्याने पाहुण्यांसाठी तंबू लावले. फाट्यावर त्याची पाटी होती: 'या! स्वतः मासे पकडा, स्वतः शिजवा!' शनिवार-रविवार मोटारी भरून लोक यायचे. रोशनीची आई सकू तिथे स्वयंपाकाला जायची. गेल्या शनिवारी मात्र ती कापणीमुळे गेली नव्हती.

तंबूंपाशी कोणी नव्हतं. पण तंबूंसमोरच्या डोहाकाठी गवत करपलं होतं आणि दगडांवर पांढरट थर होता. त्याच्याही वरच्या डोहात, कातळकोंडीत, मासे मजेत पोहत होते!

"वरचे जिवंत, इथून खालचे मेलेले," रोशनी म्हणाली. "हीच ती जागा!"

संध्याकाळी आईने आणखी एक गोष्ट सांगितली. "मागल्या शनवारच्या पाव्हण्यांची पोटा बिघडली म्हनं. विनोद बोलला, त्यांना पानी बदललं ते सोसलं नाय."

"आये, या शनिवारी आम्ही तुझ्या मदतीला येणार!" रोशनीने जाहीर केलं. इतक्या वर्षांत पोरं आपणहून भांडी घासायला निघाली म्हणताना आईला जरा संशय आलाच.

शनिवारी सकाळी चौघं कापलेल्या शेतांतून मोठा वळसा घालून तंबूंपाशी पोहोचली तेव्हा तिथे जत्रा भरली होती. आदल्या दिवशी जव्हारचं शिरपामाळ बघून आलेले ठाण्याचे पाहुणे गुडघाभर पाण्यात उभे राहून हातांनी मासे उचलत होते! "अय्या, हा बघा! पळतच नाही!" प्राजक्ता मॅडम नावाच्या बाई आनंदाने ओरडत होत्या. त्यांच्याच दोन मुली बादल्या भरत होत्या.

"आमच्या नदीतले मासे फार माणसाळलेले!" काठावरून विनोददादा घाम पुसत सांगत होता.

रोशनीच्या नाकात तोच टाकीचा वास शिरला. "उशीर झाला," ती कळवळून म्हणाली. "आजही टाकली पावडर!"

"ताई," माघ्या कानात कुजबुजला, "मी बघितलं. आत्ता येता येता मी झुडपामागं गेलो होतो... म्हणजे, कामात होतो. विनोददादानं रिकाम्या गोणीत धोंडा घातला नि ती त्या उंबराखाली बुडवली. मला उठता येईना, नाहीतर तिथंच ओरडलो असतो!"

"शाब्बास माघ्या!" हर्षदाने त्याची पाठ थोपटली. "एवढं मोठं काम आजवर कोणी झुडपामागं केलं नसेल!"

चौघं चुलीपाशी गेली. आई तिसऱ्यांदा मासे धूत होती. "कसला वास हाये यांना? राखनं पन जात नाय!"

रोशनीने सगळं सांगितलं. आईचा हात थांबला. "माझं काम गेलं तरी चालंल," ती म्हणाली, "पन कोनाच्या पोटात हे घालायची नाय मी."

"घालायचं नाहीच. पण तू शिजव," रोशनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "हर्षदा, तू पळ. देवानंद, तुझा चाकाचा गळ घे आणि उंबरापाशी जा."

"मी? मला चड्डीशिवाय काही लागत नाही!"

"आज गोणी लागू दे!"

हर्षदाने पाड्यावर जाऊन तुळशीदास काकांना गाठलं. "काका, विनोददादाकडं चला. आज खवलीचा रस्सा!" घागरडोह रिकामा झाल्यापासून काकांच्या ताटात मासा आला नव्हता. ते चपला घालायलाही थांबले नाहीत. रस्सा आहे एवढंच ती म्हणाली होती, आणि ते काही खोटं नव्हतं!

काकांना बघून विनोददादाचा चेहरा कसनुसा झाला. पण वडीलधाऱ्या माणसाला कसं परत पाठवणार? काका मानाच्या जागी बसले. पाहुणे गोल करून बसले. आईने रश्शाचं पातेलं आणून ठेवलं, पण वाढायचा डाव हातात घेतला नाही.

रोशनी पुढे झाली आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, पाहुण्यांना आपली रीत सांगा ना!"

रीतभात म्हटलं की काकांची छाती फुगायची. "मंडळी, आमच्याकडं ज्यानं मासा धरला त्यानं पहिला घास घ्यायचा. त्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही!"

"वा! किती सुंदर!" प्राजक्ता मॅडमनी मोबाइल काढला. "पण धरले तर आम्ही सगळ्यांनीच!"

"तुम्ही उचललेत मॅडम," रोशनी म्हणाली. "धरले विनोददादानं. डोह त्याचा, मासे त्याने माणसाळवलेले. मान त्याचाच!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने विनोददादापुढे ताट ठेवलं.

"मला... आज शनिवार ना, उपास आहे," विनोददादा म्हणाला.

"अहो, सकाळी आमच्याबरोबर दोन ऑम्लेटं खाल्लीत की!" प्राजक्ता मॅडम म्हणाल्या.

"ते... मला काटे लागतात घशात."

"नदीकाठी जन्मलास आणि काटे लागतात?" हर्षदा फिसकन हसली.

काकांच्या भुवया वर गेल्या. पण पोटात कावळे ओरडत होते, आणि समोर रस्सा वाफाळत होता. "जाऊ दे," ते म्हणाले, "लाजतोय पोरगा. इथला वडीलधारा मी. मीच घेतो पहिला घास!" आणि त्यांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडाकडे नेलासुद्धा!

"काका, नको!" रोशनी किंचाळली.

त्याच वेळी उंबराखालून आरोळी आली, "लागला! लागला! मोठा आहे! ओढवत नाहीये यार!"

देवानंदच्या पहिल्या दोन फेकी उंबरावर गेल्या होत्या. तिसरी नेमकी पाण्यात पडली आणि गळ तळाशी कशात तरी घट्ट रुतला. काठी वाकली, चाक करकरलं. माघ्याने देवानंदची कंबर धरली आणि दोघं मागे मागे सरकले. पाण्यातून एक पांढरी गोणी ठिबकत वर आली. धोंडा सुटून बदकन पडला आणि गोणीत उरलेल्या पावडरीचा उग्र दर्प सगळीकडे पसरला. पाहुण्यांनी नाकं धरली.

काकांचा घास ओठांपाशी थांबला. त्यांनी घासाचा वास घेतला, मग गोणीचा. घास खाली ठेवून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "विनोद. हे काय आहे?"

विनोददादा मटकन खाली बसला. "काका, पाहुणे येतात, आरडाओरडा करतात, गळाला काही लागत नाही. मग लोक म्हणतात, पाटीवर लिहिता आणि मासे कुठायत? एका मित्रानं सांगितलं, टाकी धुवायची पावडर टाक, मासे आपोआप वर येतील. मला वाटलं, थोडीच टाकतोय, वाहून जाईल..."

"वाहून कुठं जाईल?" रोशनीचा आवाज भरून आला. "आपल्याच घागरडोहात ना, दादा! आणि गेल्या शनिवारी तुझ्या पाहुण्यांची पोटं कशाने बिघडली?"

विनोददादाने तोंड झाकून घेतलं. प्राजक्ता मॅडमनी मोबाइल खाली केला आणि मुलींना जवळ ओढलं.

"काका," रोशनी म्हणाली, "आजाने औषध आणलं ते माशीचं, पवळ्याच्या जखमेसाठी. पवळ्याला धुतला तो डोहाच्या खाली. तरी आजाला वाटतंय, त्यानेच मासे मारले. तो आठवडाभर नदीकडे बघत नाही. नीट जेवतही नाही."

काका ताटावरून उठले आणि अनवाणीच चालू लागले. पोरं त्यांच्या मागे धावली.

आजा पवळ्याला पेंढा घालत होता. काका समोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्या पोरांदेखत त्यांनी हात जोडले.

"ढवळूदादा, मी चुकलो. दुकानात अर्धं ऐकलं आणि डोहावर तुला पुरतं बोलू दिलं नाही. मासे विनोदच्या पावडरीनं मेले. मी गोणी बघून आलोय."

आजाच्या हातातला पेंढा खाली पडला. "मंग... मी नाय मारले?"

"नाही रे दादा. एकही नाही."

आजा पवळ्याच्या गळ्यात पडला. "ऐकलास का रं?" तो बैलाला सांगू लागला. "आपुन नाय मारले! आपुन नाय मारले!" तो हसत होता आणि रडत होता. रोशनीने मागून जाऊन त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

पाहुण्यांनी त्या दिवशी उडदाची आमटी आणि नागलीची भाकर खाल्ली, आणि बोटं चाटून खाल्ली. जाताना प्राजक्ता मॅडमनी आईकडून आमटीची कृती विचारून घेतली. फाट्यावरची पाटी विनोददादाने स्वतःच उतरवली. काकांबरोबर मोखाड्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन झाला प्रकारही त्यानेच सांगितला. जे काय व्हायचं ते होईल, पण लपवायचं नाही, असं पाड्याच्या बैठकीत ठरलं होतं. एवढ्यावर मात्र पोरांचं समाधान झालं नाही. डोह तर रिकामाच होता!

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी डोहाचं पाणी वाहून पुन्हा स्वच्छ झालं होतं. सगळा पाडा वर कातळकोंडीवर जमला. आजाने गळ टाकू दिला नाही. "आज माशाचं तोंड फाटाय नको," तो म्हणाला. बायांनी जुन्या लुगड्यांच्या झोळ्या केल्या. माशांना झोळीत घ्यायचं, पाण्याच्या हंड्यात सोडायचं आणि हंडा अलगद घागरडोहावर न्यायचा! माघ्याला राहवेना. "एक तरी भाजू या ना!" तो म्हणाला, आणि चारी बाजूंनी त्याला "नाही!" असं उत्तर मिळालं. सगळ्यांत जड हंडा विनोददादाच्या खांद्यावर होता. घामाने निथळत तो वर-खाली करत राहिला.

शेवटचा हंडा रिकामा झाल्यावर तुळशीदास काका घसा खाकरून उभे राहिले. "या पोरांना मी म्हणालो होतो, मोठ्यांच्या कारभारात नाक खुपसू नका. बरं झालं, त्यांनी ऐकलं नाही! रोशनी, हर्षदा, देवानंद, माघ्या, तुम्ही पाड्याची लाज राखलीत. माझा तर जीवच राखलात म्हणा, घास ओठाला लागला होता!" सगळे हसले. "आणि आता या डोहाचा राखणदार ढवळूदादा. तो म्हणेल तेव्हा मासे धरायचे. तो नको म्हणेल तेव्हा माझासुद्धा गळ पाण्यात पडायचा नाही."

लोक पांगले. आजा पाण्याकडे बघत आपल्या काळ्या दगडावर बसला होता. रोशनी त्याच्याजवळ आली. उद्या सकाळी जव्हारची जीप गाठायची होती.

"आजा, मी जाते उद्या. मासे वाढेपर्यंत आता इथे गळ टाकायचा नाही. तू रोज एकटा काय करशील रे?"

आजाने पाण्यात बोट दाखवलं. काठाशी बोटभर लांबीच्या पाच-सात खवल्या नव्या जागेत बिचकत फिरत होत्या.

"पोरां नवी हायेत," तो म्हणाला. "रुळंपर्यंत कोनी मोठं मानूस जवळ बसाय नको का?"